छपराखाली न बसणाऱ्या हमीदा आपा

मुलगी अकरावीत असताना मी तिच्यासाठी डॉक्टरचा पांढरा कोट शिवायला टाकला होता. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड मोकळं होईल. बारावी व्हायची होती, प्रवेश परीक्षा व्हायची होती, यादी लागायची होती, आणि मी दिवाळीच्या ब्लाऊजपीसबरोबर पांढरं टेरिकॉट घेऊन शिंपिणीकडे गेले आणि म्हटलं, खिशावर निळ्या दोऱ्यानं ‘डॉ. वैशाली’ असं काढा. त्याच आठवड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या पोरांना ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ या म्हणीचा अर्थ समजावून सांगत होते. पोरांना समजला. बाईंना समजायला पुढं बराच काळ जावा लागला.

माझी नात ही गोष्ट ऐकली की पोट धरून हसते. हसू दे. हाच उद्योग शेजारणीनं केला असता, तर मीही तशीच हसले असते.

ती शिंपीण म्हणजे हमीदा आपा. त्यांनी कापड हातात घेतलं, उन्हात धरून बघितलं आणि विचारलं, “कोणत्या दवाखान्यात लागली पोरगी?”

“लागेल की. दोन वर्षांनी.”

“आन तवर वाढली तर? का डॉक्टर व्हायची म्हून वाढायची बंद करणार हाय?”

लातूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपांच्या भावाचं घर होतं. त्याला लागून एक खोली, तिला आपांचं दुकान म्हणायचं. पण त्या खोलीत फक्त कापडं राहायची. आपा आणि त्यांची पायमशीन बाहेर, ओट्यावर, उघड्या आभाळाखाली. उन्हाळ्यात डोक्यावर ओला टॉवेल. पावसाळ्यात मशीनच्या बाजूला रोवलेल्या काठीला एक काळी छत्री बांधलेली, तीही मशीनसाठी. आपा स्वतः भिजायच्या. थंडीत शाल. काही झालं तरी आत बसायच्या नाहीत. आतून कापड आणायचं असलं, तर दारात उभं राहून आधी वर बघायच्या, मग विहिरीत बुडी मारावी तसं आत जाऊन यायच्या.

त्या मूळच्या लातूरच्याच, दिलेल्या औशाकडच्या एका खेड्यात. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला, त्यात मातीची माळवदं बसली. नवरा आणि सासू गेले. आपांना उन्हं वर आल्यावर ढिगाऱ्यातून काढलं. यापेक्षा जास्त त्या कधी सांगायच्या नाहीत, आणि कुणी हळहळायला लागलं, की पायदान जोरात हलवायच्या. मशीनच्या आवाजात हळहळ ऐकू येत नाही.

मदत करायला आलेल्यांबद्दल मात्र भरभरून बोलायच्या. “लई कपडे आले. ट्रकच्या ट्रक. घरं पडल्यावर आमाला पत्र्याच्या शेडमधी ठेवलं, तितं एका म्हाताऱ्याच्या वाट्याला टाय आला. त्यानं बैलाला बांधला. बैल शोभून दिसत होता. फोटो काढायला आल्ते, त्यांनी बैलाचा काढला न्हाई, माझा काढला. म्हणे रडा जरा. म्हटलं, आधी तुमी रडून दाखवा, मला जमतं का बघते.”

गल्लीत त्यांना पाठीमागं ‘भूकंपी आपा’ म्हणत. शाळेतून येणारी पोरं ओट्याजवळ आली, की मुद्दाम पाय आपटायची. आपांचा हात मशीनच्या चाकावर थांबायचा. पोरं खिदळत पळायची. त्यातली निम्मी माझ्या शाळेतली होती आणि मी त्यांना कधी रागावले नाही. उलट एकदा स्टाफरूममध्ये मी आपांची नक्कल करून दाखवली होती, दारात उभं राहून वर बघायची. सगळ्यांना आवडली. नक्कल मला चांगली जमायची. अक्कल नंतर आली.

वाळूचा ट्रक गल्लीतून धडधडत गेला, की आपा उठून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहायच्या. ओठ हलायचे, बोटं मोडल्यासारखी एकेक मिटायची. पाच-दहा मिनिटांनी परत येऊन टीप जिथं सुटली तिथून पुढं चालू. बायका म्हणायच्या अंगात येतं, वारं लागलंय, दर्ग्यावर न्या. आपा सुईत दोरा ओवत म्हणायच्या, “घबराटीचा आजार हाय मला. डॉक्टरनं नाव लिवून दिलंय. गोळी खाते आन महिन्याला नांदेडला जाऊन बोलून येते. तुमचा बीपी हाय ना? तुमी दर्ग्यावर जाता का गोळी खाता?”

आता हे असं बोलणं आमच्या गल्लीत कुणी बोलत नसे. मूळव्याध झाली तरी लोक ‘जरा उष्णता आहे’ म्हणत. आणि ही बाई भर रस्त्यात, ब्लाऊजच्या गळ्याचं माप घेताना, मनाच्या डॉक्टरकडं जाते म्हणून सांगायची. मला तिची लाज वाटायची. म्हणजे बघा, आजार तिचा, तिला लाज नाही, आणि मी फुकट लाजतेय.

तर माझ्या पोरीकडं येते.

भूकंपानं आमच्या जिल्ह्यातली घरं पाडली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत क्लासवाल्यांनी लातुरात नव्या भिंती उभ्या केल्या, त्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावायला. ज्याची खोली रिकामी तो वसतिगृहवाला झाला, जिला पोळ्या येत तिची मेस झाली. निलंगा, भोकर, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून आई-बाप पत्र्याची पेटी आणि पोर घेऊन उतरायचे. आमच्या वैशूला तर घरचं छप्पर होतं. तिला काय कमी होतं? हा प्रश्न मी तिला दिवसातून तीनदा विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे नाही.

क्लासची पद्धत अशी, की रविवारी सकाळी टेस्ट आणि मंगळवारी दारावर नंबरांची यादी. यादीप्रमाणे बॅच बदलायची. वरचे ए बॅचमध्ये, पंख्याखाली. घसरले की बी, मग सी, पत्र्याच्या हॉलमध्ये. मंगळवारी संध्याकाळी गल्लीतल्या बाया एकमेकींना ‘जेवलात का’ विचारायच्या आधी ‘कितवी आली’ विचारायच्या. मी त्या बायांची पुढारी.

बारावीच्या सुरुवातीला एका रविवारी वैशू टेस्टला निघाली आणि चप्पल घालता घालता दारातच बसली. छाती धडधडतेय म्हणाली. हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. “आई, मी मरते बहुतेक,” म्हणाली. मी तिला गोळी सोडा पाजला, ओवा चावायला दिला आणि रिक्षात घालून टेस्टला धाडलं. पुढच्या रविवारी तेच. मग मी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. तिसऱ्या वेळी आमचे हे घाबरले आणि तिला हृदयाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे.

झालं. मी म्हटलं, बघ, नाटक. रिपोर्ट चांगला आला की मुलगी खोटी ठरते, हे माझं वैद्यकशास्त्र. आजार नाही म्हणून देवाला नारळ फोडावा, तर मी पोरीवर फोडला.

मग टेस्ट नसलेल्या दिवशीही व्हायला लागलं. पुन्हा होईल या धास्तीनं ती बसमध्ये चढेना, लग्नाला येईना. क्लासच्या सरांना भेटायला गेले, तर ते टेबलावरच्या पेढ्यांच्या बॉक्सवर कोपर टेकून म्हणाले, “मॅडम, ए बॅचच्या मुलांना आजारी पडायला वेळच नसतो.” मी मान डोलावली. एवढ्या जोरात डोलावली, की अजून मानेत लचक आहे असं मी नातीला सांगते.

दिवाळी झाल्यावर त्या कोटाची आठवण झाली. मापं वर्षभर आधीची होती, म्हणून वैशूला घेऊन आपांकडं गेले. आपा माप घेताना एक करायच्या. छातीला टेप लावून गप्प उभ्या राहायच्या, बाई दोन-तीन श्वास घेईपर्यंत. त्यांचं म्हणणं, पोट आत ओढलेलं माप खोटं असतं, श्वास सोडलेलं खरं. त्या दिवशी टेप लावून थांबल्या त्या थांबल्याच. बराच वेळ. मग टेप गळ्यात टाकला आणि वैशूला म्हणाल्या, “बेटा, ह्यो श्वास वरच्या वर घेऊन राहिली तू. गळ्यातनं. खाली उतरूनच राहिला न्हाई. किती दिवस झाले?”

वैशू माझ्याकडं बघायला लागली.

“आईकडं नको बघू. त्यांचं माप झालंय घेऊन.”

“चार महिने,” वैशू म्हणाली.

“हातात मुंग्या? मरते असं वाटतं?”

वैशूनं नुसती मान हलवली आणि तिथंच ओट्यावर रडायला लागली. आपांनी मला बाजूला घेतलं. “बाई, हे माझंच हाय. मी वळखते. नांदेडला डॉक्टरीणबाई हायत, आमच्या शेडमधी यायच्या त्याच. घेऊन जा.”

मी म्हटलं, “माझी मुलगी वेडी नाही.”

“मी येडी दिसून राहिले का? दिसत आसंल, तर ब्लाऊज दुसरीकडं टाका.”

ब्लाऊज मी दुसरीकडं टाकले नाहीत, कारण बाहीला तशी फिटिंग अख्ख्या लातुरात कुणी देत नव्हतं. वेडी म्हणायला आपा, आणि बाही शिवायलाही आपाच. असा माझा बाणेदारपणा.

मात्र पोरीचं रडणं मनात राहिलं आणि एका शनिवारी मी तिला घेऊन नांदेडच्या एसटीत बसले. लातुरात मनाचा डॉक्टर नव्हता असं नाही. पण लातूरची माणसं त्या कामाला नांदेडला जात आणि नांदेडची लातूरला येत, म्हणजे कुणी ओळखीचं भेटायला नको. दोन्ही गावांचे घाबरलेले लोक अहमदपूरजवळ एकमेकांना ओलांडून जात असावेत, तोंडं झाकून. मीही डोक्यावरून पदर घेतला होता. दवाखान्याच्या बाकावर बसले, तर शेजारी स्कार्फ बांधलेली एक बाई. डोळे ओळखीचे. आमच्या शाळेच्या हेडबाई. “गुरुद्वाऱ्याला आले होते,” त्या म्हणाल्या. “आम्हीपण,” मी म्हटलं. मग आम्ही दोघी अर्धा तास समोरच्या भिंतीचं दर्शन घेत बसलो.

आणि त्यांच्या देखत केसपेपर काढायची वेळ आली. खिडकीतल्या माणसानं पेशंटचं नाव विचारलं. मी म्हटलं, मंगल. आडनावही कुठलंतरी सांगितलं. वैशू माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, केवढी हुशार आहे मी.

थोड्या वेळानं ‘मंगल’ म्हणून पुकारा झाला. कुणी उठेना. पुन्हा झाला. तिसऱ्यांदा मी वैशूला कोपरानं ढोसलं. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला मायेनं बसवलं, काय होतं गं मंगल, म्हणून विचारलं.

वैशू म्हणाली, “मंगलला काही होत नाही. वैशालीला होतं. ती आली नाही.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “हिला उलट बोलायची सवय आहे.” त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. दहा मिनिटांनी वैशू बाहेर आली ती ओठ शिवल्यासारखी. बाई मला म्हणाल्या, “तिला बोलायचंय, पण आज नाही. पुढच्या आठवड्यात नक्की आणा. आणि तिच्या नावानं आणा.” पुढचा आठवडा आला, मी शाळा तपासणीचं निमित्त काढलं आणि नेलं नाही.

वैशूनं बोलणं टाकलं. क्लास सोडला. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायची. मी दारात उभी राहून भाषणं द्यायचे, तुझ्यासाठी काय काय केलं त्याची. भाषणाला टाळ्या पडत नव्हत्या, तरी रोज नवं भाषण.

नवव्या की दहाव्या दिवशी, दुपारची, वैशू उठून आपांकडं गेली. मला वाटलं, चला, हवा खायला तरी निघाली. अर्ध्या तासानं ती परत आली, आणि तिच्या पाठोपाठ आपा. गळ्यात टेप तसाच. मशीनवरचं कापड टाकून आलेल्या. कुणाच्याही घरात न शिरणारी बाई आमच्या दारात उभी राहून वर बघत होती.

“किती इंची हाय स्लॅब?” त्यांनी विचारलं.

“मला काय माहीत?”

“मलाबी नको माहीत व्हायला,” असं म्हणून त्या आत शिरल्या. थेट आतल्या खोलीत, बरोबर मधोमध, पंख्याखाली फरशीवर मांडी घालून बसल्या. मी पाणी आणायला निघाले.

“पाणी नको. घड्याळ कुटं हाय? हां, ते. बघा किती वाजले.” मग वैशूला म्हणाल्या, “तू बघ गं. तुझ्या आईलाबी दिसू दे.”

त्यांच्या कपाळावर घाम फुटला. मी माणसाला असा घाम फुटताना कधी पाहिला नव्हता, नळ सोडल्यासारखा. हात थरथरायला लागले. आणि त्या तुटक तुटक सांगत होत्या. “आता छाती… आता मुंग्या, कोपरापस्तोर… आता खोली लहान होऊन राहिली… आता वाटून राहिलं, मेले.” मी घाबरून म्हटलं, रिक्षा बोलावते. “बसा खाली,” त्या दातांतून म्हणाल्या. “मेले, तर तुमचे दोन ब्लाऊज अर्धे हायत. दुसरीकडनं शिवून घ्या.”

वैशू त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आपा श्वास हळू बाहेर सोडत होत्या, फुंकर घालून चहा निववावा तसा. वैशूही तसंच करायला लागली. मी उभीच. करण्यासारखं काही नाही, बोलण्यासारखं काही नाही, अशी वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली होती. पाव तासानं आपांचे हात थांबले. पदरानं तोंड पुसलं.

“मेले का?” त्यांनी वैशूला विचारलं.

“नाही,” वैशू म्हणाली. इतक्या दिवसांतला तिचा मी ऐकलेला पहिला शब्द. “मलापण असंच होतं, आपा. अगदी असंच.”

“मग ते बी तुला मारत न्हाई. नुसतं मारतो मारतो म्हणतं.” मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. “बाई, ही पोरगी मला काय म्हणाली म्हाईत हाय? कोट शिवू नका, मी नसले तर कुणाला घालणार. हे ऐकलं आन मी कैची खाली ठेवली. हिला एकटी सोडायची न्हाई. उद्याच्या पहिल्या गाडीनं जायचं. आन एक सांगा मला. डॉक्टर म्हून कापडावर नाव लिवायची तुमाला दोन वर्षं आधी घाई. आन पेशंट म्हून कागदावर लिवायचं, तर नाव बदललं. पोरीनं काय समजावं?”

मी नेहमी म्हणते, मला उत्तर सुचलं नाही असं आयुष्यात तीनदाच झालं. त्यातलं हे पहिलं. बाकीची दोन मी आत्ताच बनवली, संख्या बरी दिसावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एसटीत. आपा कंडक्टरच्या सीटशेजारी, दाराला लागून, त्यांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, “मी मधीच उठून उभी राहिले, तर गाडी थांबवायची न्हाई, घाबरायचं न्हाई, तुमचं काम करायचं.” त्यानंही एखादी मामुली गोष्ट ऐकावी तसं ऐकलं. मी सगळ्या जगाच्या तोंडावर पदर घालत फिरत होते, आणि जग तिकीट फाडण्यात गुंतलेलं होतं.

खिडकीवर मी नाव सांगितलं. वैशाली, मग वडिलांचं नाव, मग खरं आडनाव, लातूर. जरा मोठ्यानंच सांगितलं. बाकावर त्या दिवशीही ओळखीचं कुणीतरी होतंच. त्यांनी मान फिरवली. माझ्यावर उपकारच केले, कारण मलाही त्यांना बघायचं नव्हतं.

वैशू आत तासभर बोलली. नंतर डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून समजावलं. म्हणाल्या, “घरात राखणीचं कुत्रं असतं ना, चोर आला की भुंकणारं? तिचं कुत्रं मांजर आली तरी भुंकतंय. भुंकणं खरं आहे, ती सोंग करत नाही. चोर मात्र नाही. कुत्र्याला मारायचं नाही, बांधून ठेवायचं नाही. शिकवायचं. त्याला वेळ लागतो.” मी विचारलं, किती वेळ, परीक्षा फेब्रुवारीत आहे. माझ्याकडं बघून त्या फक्त हसल्या. अशा आया त्या रोज बघत असणार.

सहा-सात महिने आम्ही जात राहिलो. थोडे दिवस गोळी होती. बाकी बोलणं आणि अभ्यास, पण वेगळा. वहीत लिहायचं, कशाची भीती वाटली, काय होईल वाटलं आणि खरं काय झालं. मग पायऱ्या. आधी क्लासच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचं. मग शेवटच्या बाकावर, दाराजवळ. मग पेपर समोर घेऊन नुसतं बसायचं, लिहायचं नाही. छाती धडधडली, तर पळायचं नाही, ती थांबेपर्यंत थांबायचं. क्लासच्या सरांनी सी बॅचमध्येही ही थेरं चालणार नाहीत म्हटलं. आमचे हे, जे जन्मात कुणाला उलट बोलले नव्हते, ते म्हणाले, “मग डी बॅच काढा.” आणि तिला तिथून काढलं. माझ्या नणंदेला लग्नाची काळजी पडली, मुलीच्या कपाळी हे लागलं आता कसं व्हायचं म्हणून. मी तिला म्हटलं, तुमच्या कपाळी तर काही लागलं नव्हतं, तरी तुमचं काय भलं झालं? ते बोलणं तिनं अजून माफ केलेलं नाही. बरंच आहे. दिवाळीला कमी दिवस राहते.

गल्लीत कळलंच. कळू नये म्हणून मी जेवढी धडपडले होते, तेवढ्यात अख्ख्या गल्लीचे पापड झाले असते. आणि झालं काय, तर एकेक बाई आपांच्या ओट्यावर ब्लाऊजच्या निमित्तानं यायला लागली. माप द्यायच्या आधी इकडं तिकडं बघायच्या आणि विचारायच्या, आमच्या पोराला रविवारी ओकारी होते, ते काय असेल? आपा टेप झटकून म्हणायच्या, “मी शिंपीण हाय. डॉक्टरचा पत्ता देते. पत्त्याचे पैसे न्हाईत, पण पोराला नाटकी म्हणलात, तर ब्लाऊजची शिलाई डबल.” काही जणींनी डबल दिली असं ऐकलं.

वैशू डॉक्टर झाली नाही. नांदेडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दोन-तीन वर्षांतून कधीतरी धडधडीची ती लाट येते. मग ती वर्गातल्या मुलांना सांगून पाच मिनिटं बाहेर उभी राहते आणि परत येऊन शिकवते. लपवत नाही. माझ्या वाट्याचं लपवणं तिनं वारसाहक्कात घेतलं नाही, हे एक चांगलं केलं.

गल्लीत पुढं पाच मजली वसतिगृहं उठली. आपांच्या भावानं घर विकलं आणि आपा उदगीरला भाचीकडं राहायला गेल्या. नातीच्या बारशाचे पेढे घेऊन मी तिकडं गेले, ती आमची शेवटची भेट. डोळ्यांत मोतीबिंदू होता, मशीन सुटली होती. अंगणात बाजेवर बसून जुन्या शर्टांची बटणं कापून डब्यात टाकत होत्या, रंग बोटांनी कळतो असं म्हणत आणि हटकून चुकत. मी पेढा दिला. तो त्यांनी अर्धा खाऊन अर्धा शेजारच्या शेळीला दिला. मला वाटलं, आता काही तरी बोलायला हवं, इतकी वर्षं राहून गेलेलं. मी सुरू केलं, आपा, तुम्ही होतात म्हणून माझी मुलगी, तुमचे उपकार, तुमच्यामुळं आज हे बारसं, आणि पुढं बरंच. शाळेत निरोप समारंभात बोलते तसं. आपांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग बटणांचा डबा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या,

“माझं नाव कशाला घेता. पोरगी बोलली, डॉक्टरीणबाईनं ऐकलं, झालं काम. तुमी येवढंच करा. ती पुन्यांदा कधी बोलाया लागली, तर मधी बोलू नका. बसून राहा. तुमाला जमायचं न्हाई, पण बसून राहा.”